आत दुमडलेली माया

१

जुन्या मेलेल्या माणसांचे कपडे दर वर्षी थोडे आत घ्यावे लागतात. माणूस आटतं. पहिल्या वर्षी फार, मग हळूहळू, आणि आटायला काही उरलं नाही की थांबतं.

रोक्कामालिनात हे काम नुन्झिया स्कादुतो करायची. गाव सिसिलीच्या डोंगरात, गंधकाच्या खाणींच्या वरच्या अंगाला. कापुचिन साधूंच्या मठाखाली लांबलचक तळघर होतं आणि तिथं कोनाड्याकोनाड्यांत गावची बडी मंडळी उभी होती: नोटरी, जहागीरदार, जुने मठाधिपती, लग्नाआधी गेलेल्या मुली. दोन नोव्हेंबरला मृतांचा सण. त्याआधी महिनाभर घराघरांतून निरोप यायचे. पणजोबांच्या कोटाला कसर लागलीय. मोठ्या आत्याची झालर विटलीय. नोटरीसाहेबांची विजार घसरतेय, लोक हसतील. मग नुन्झिया सुया, खडू, टेप आणि टाचण्यांची उशी घेऊन खाली उतरायची आणि जिवंत गिऱ्हाइकाशी बोलावं तशी पुटपुटत कामाला लागायची. "हं, सरळ उभे राहा बघू. हल्ली फारच वाकायला लागलात."

वर दाराशी फ्रा बियाजो बसलेला असायचा. म्हातारा साधू, कानानं अधू, जिभेनं तिखट.

"तुझी गिऱ्हाइकं बरी, नुन्झिया. माप चुकलं तरी ओरडत नाहीत."

"आणि ओरडली तर तुम्हाला ऐकू येणार आहे थोडंच!"

त्या तळघरात दोन प्रकारचे मेलेले होते. जुने, म्हणजे साधूंनी आपल्या रीतीनं सुकवलेले: कोरड्या खोलीत मातीच्या नळ्यांच्या मांडणीवर निजवायचं, दार लिंपून टाकायचं, वर्ष होत आलं की बाहेर काढून व्हिनेगरनं धुवायचं आणि उन्हात ठेवायचं. पटकीच्या साथीत एवढी सवड नव्हती, तेव्हा काहींना सोमलाच्या पाण्यातून काढलं होतं. हे सगळे आटणारे. नवे मात्र डॉक्टर त्रिगोनांच्या हातचे. डॉक्टर मांडीतली शीर उघडून पिचकारीनं औषध भरायचे. फॉर्मालिन, ग्लिसरीन, मद्यार्क आणि जस्ताचा कसलासा क्षार. त्यांच्या हातचं माणूस लाकडासारखं ताठ राहायचं, पण गालावरची लाली जायची नाही, आणि माप बदलायचं नाही. आटत नाही, फुगत नाही. ज्या मापाचं गेलं त्या मापाचं राहिलं.

नुन्झियाला ते सोयीचं वाटायचं.

२

डॉक्टरांच्या हातच्यांत सगळ्यात धाकटा कोरादो आमेन्ता. युद्ध संपलं त्या शरद ऋतूत तापाची साथ आली, त्यात तो गेला. सात वर्षांचा होता. बाप आधीच उत्तरेच्या डोंगरात, आघाडीवर, बर्फाखाली गेलेला. त्याचं प्रेतसुद्धा परत आलं नव्हतं. म्हणून त्याच्या आईनं, दोन्ना म्हणजे बाईसाहेब एर्सिलियानं, डॉक्टरांचे पाय धरले. "एक तरी मला ठेवू द्या."

पहिल्या वर्षी सणाआधी ती नुन्झियाकडे कापड घेऊन आली. काळं, गुळगुळीत, उत्तम लोकरीचं.

"कोट-विजार शीव. आणि दोन बोटं जास्त धर. पोरं भराभर वाढतात."

नुन्झिया "दोन्ना..." म्हणाली आणि थांबली. बाई वेडी नव्हती. घर चालवत होती, बदामांच्या बागा बघत होती, चर्चमध्ये सगळ्यांच्या आधी हजर असायची. फक्त या एका बाबतीत तिच्याशी कुणी वाद घालायचं नाही, असं गावानं न बोलता ठरवून टाकलं होतं.

वाढत्या पोराच्या कपड्यात शिंपी शिवणीला जास्तीचं कापड राखतो. त्याला माया ठेवणं म्हणतात. एर्सिलियाला नुसती माया नको होती, कपडाच मोठा हवा होता. नुन्झियानं मग मधला मार्ग काढला. आईनं सांगितलेल्या मापाचा कपडा बेतायचा, तिला दाखवायचा. आणि मग जास्तीचं सगळं आत दुमडून, कच्चे टाके घालून, सात वर्षांच्या पोराच्या अंगाला बसेल असा करायचा. ताठ अंगावर घालायला कोट पाठीतून उभा कापलेला असायचा, फितींनी बांधायचा. वरून काही कळायचं नाही.

दर वर्षी बोटं वाढत गेली. सहाव्या वर्षी, म्हणजे गेल्या साली, बाहीत मूठभर कापड आत दुमडलेलं होतं.

यंदा ऑक्टोबरात तिनं कोरादोच्या कोनाड्यातल्या पेटीचं काचेचं झाकण उघडलं, पाठीच्या फिती सोडल्या आणि गेल्या सालचा कोट काढला, तेव्हा बाहीच्या आतले टाके तुटलेले होते.

दोरा कुजतो. व्हिनेगरच्या वाफेनं कुजतो, ओलीनं कुजतो, हे तिला ठाऊक होतं. कुजलेला दोरा चिमटीत धरला की भुगा होतो. हा होत नव्हता. चांगला चिवट होता. ताणून तोडावा तसा, टोकाला केसासारखा बारीक झालेला.

"उंदीर," ती मोठ्यानं म्हणाली. आणि जुना कोट घडी करून पिशवीत घातला.

३

नवा कोट तिनं घरीच दुमडून आणला होता. सात वर्षांचं माप तिला पाठ होतं, टेप लावायची गरज नव्हती.

बाही मनगटाच्या वर राहिली. तीन-चार बोटं वर.

आधी तिला स्वतःचाच राग आला. डोळे अधू व्हायला लागलेत, कुठंतरी चुकून जास्त दुमडलं. तिनं एक दुमड उसवली, बाही पुन्हा चढवली. मनगट अजून उघडंच. मग विजार लावून बघितली. तीही घोट्याच्या वर. कोटात चूक झाली असेल, पण दोन्हीत कशी होईल? तिनं टेप काढला आणि परत ठेवून दिला. का ठेवला, ते तिला नीट सांगता आलं नसतं. मोजलं की मग ते झालंच.

दुसरी बाही काढताना तिच्या ध्यानात आलं की मुलाचा हात कोपरात वाकला होता. तिनं वाकवला नव्हता, नेहमीच्या सवयीनं नुसता उचलला होता. आणि सात वर्षं लाकूड असलेला हात, झोपलेल्या पोराचा वाकावा तसा, सहज तिच्या हाताबरोबर आला होता.

तळघरात कुठंतरी पाणी ठिपकत होतं. वर फ्रा बियाजो खोकला.

नुन्झियानं हात हळूच खाली ठेवला, झाकण लावलं आणि डॉक्टरांकडे गेली.

४

डॉक्टर त्रिगोना जेवत होते. त्यांनी तिला बसवलं, पुढ्यात ऑलिव्ह ठेवले आणि हसून सगळं ऐकून घेतलं.

"वाढला? नुन्झियाबाई, अहो मिसरच्या लोकांनी चाळीस दिवस खारात मुरवून राजे ठेवले, त्यांतला एकही वाढला नाही. वाढले असते तर त्यांना पिरॅमिड लहान पडले असते."

"थट्टा करू नका, डॉक्टरसाहेब."

"बरं, नाही करत. ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढतं. या वर्षी पाऊस लवकर आलाय. अंग थोडं मऊ पडलं असेल, हात वाकला असेल. रुंदीत फरक पडेल कदाचित. लांबीत नाही. लांबी हाडाची. आणि हाड वाढायला," त्यांनी ऑलिव्हची बी ताटलीत टाकली, "आत कुणीतरी असावं लागतं."

तरीही ते आले. माणूस प्रामाणिक होता आणि आपल्या कामाचा त्यांना अभिमान होता. त्यांनी मुलाचा गाल दाबून पाहिला, पापणी पाहिली, मांडीवरचा आपला जुना टाका पाहिला. "उत्तम आहे," ते म्हणाले. मग त्यांची नजर पायांकडे गेली.

पेटी लांबीला मोठी होती, म्हणून अंग घसरू नये यासाठी त्यांनी त्या वेळी पायांशी कापसाचा तक्क्या ठेवला होता, चांगला वीतभर जाड. आता तळवे पेटीच्या फळीला जवळजवळ टेकले होते. मध्ये कापूस होता. भाकरीएवढाही जाड नव्हता.

डॉक्टरांनी अंगठ्यानं कापूस दाबून पाहिला.

"कापूस दबतो," शेवटी ते म्हणाले. "वर्षानुवर्षं राहिला की दबतो."

"कशानं, डॉक्टरसाहेब?"

त्यांनी पिशवी उचलली. जिना चढताना ते मध्येच थांबले, पण वळले नाहीत.

५

सणाच्या आदल्या दिवशी सकाळी एर्सिलिया आली. तोवर नुन्झियानं कोटातल्या सगळ्या दुमडी उसवल्या होत्या. आईनं सांगितलेल्या मापाला, चौदा वर्षांच्या पोराच्या मापाला, तो चपखल बसला होता.

एर्सिलियाला आश्चर्य वाटलं नाही. तिनं मुलाचे केस सारखे केले, गळपट्टी ओढली. मग बाही हातात घेऊन मेणबत्तीपाशी धरली. लोकरीवर सुईच्या भोकांची ओळ होती.

"हे काय?"

"कच्चा टाका होता, दोन्ना. काढला."

"इतका आत? गेल्या सालचा कोट कुठाय? दाखव."

पिशवीतून कोट काढावाच लागला. एर्सिलियानं तो उलटा केला. आत दुमडीच्या घड्या पडलेल्या होत्या, तुटके दोरे लोंबत होते. ती ते एकेक बोटावरून फिरवत राहिली.

"पहिल्यापासून?"

"मोठा होत होता हो कपडा. वाईट दिसलं असतं. तुमच्याच जिवाला लागलं असतं, म्हणून मी..."

आता ही कानाखाली वाजवणार, असं नुन्झियाला वाटलं. एर्सिलिया मात्र शांत होती, आणि ते जास्त वाईट होतं.

"म्हणजे मी माया ठेवत होते आणि तू ती दुमडत होतीस. आणि माझं लेकरू बिचारं आतून ढकलत होतं." तिनं कोटाची घडी घातली. "आता दुमडू नकोस, नुन्झिया."

६

त्यानंतर एर्सिलिया वर्षाची वाट बघेनाशी झाली. जानेवारीत एक कोट झाला, ईस्टरला एक. नुन्झिया सांगितल्या मापाचे शिवून द्यायची. अंगावर घालायचं काम एर्सिलिया स्वतः करायची. "आम्ही दोघं बघून घेतो," म्हणायची. नुन्झियाला ते बरंच वाटलं. न बघितलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवावा लागत नाही.

ईस्टरलाच एर्सिलियानं स्वतःचा काळा झगाही आत घ्यायला दिला.

"जेवत नाही की काय तुम्ही?"

"जेवते की."

कमरेत आत घेतला. त्यात नवल नव्हतं, दुःखानं माणूस वाळतंच. पण दीड महिन्यानं तोच झगा परत आला, आणि या वेळी खांद्यातून आत घ्यावा लागला, आणि खालून उचलावा लागला. चांगला हातभर. माणूस वाळलं तर रुंदीत कमी होतं, लांबीत कसं होईल? पाठीला बाक आला असेल, नुन्झियानं मनाशी म्हटलं. पण टेप लावताना एर्सिलिया काठीसारखी ताठ उभी होती. आणि एके काळी नुन्झियापेक्षा उंच असलेल्या त्या बाईच्या डोक्यावरून पलीकडची खिडकी दिसत होती.

तिच्या मनगटाला हात लागला, तर ते कोरडं होतं. म्हाताऱ्याचं असतं तसं नव्हे. नुन्झियाच्या बोटांना तो स्पर्श ओळखीचा होता, रोजच्या कामातला. अंगाला व्हिनेगरचा वास येत होता.

ती पुन्हा डॉक्टरांकडे गेली. ते दारातच उभे राहिले.

"ती तुमचं गिऱ्हाईक आहे, नुन्झियाबाई. माझं नाही. अजून तरी."

"एकदा बघून तरी या."

"मी हल्ली तिकडं जात नाही."

"का?"

"पायऱ्या फार आहेत," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

मग ऑगस्टात नुन्झियानं स्वतःच्या अकलेनं एक गोष्ट केली. नवा कोट शिवला आणि कुणाला न सांगता पुन्हा आत दुमडला. या वेळी कच्चा टाका नव्हता. मेण लावलेला दुहेरी दोरा, चांभार घालतो तसा. कोट थांबला तर पोर थांबेल, पोर थांबलं तर आई थांबेल. वेडगळ विचार होता. पण दुसरं तिच्या हातात काय होतं? तिला शिवणच येत होती.

चार दिवसांनी एर्सिलिया कोट घेऊन परत आली. बुटांत कागद कोंबलेले होते, चालताना चुरचुरत होते. तिनं कोट टेबलावर ठेवला. टाके तुटलेले नव्हते. उसवलेले होते. एकेक, सुबक, सुईच्या टोकानं उचलून, कापडाला कुठं ओरखडा नाही.

"असं करू नकोस परत," एर्सिलिया म्हणाली. आवाजही बारीक झाला होता. "त्याला कळतं. शिवण कळायला लागलीय त्याला. कपडा उलटा करून बघत बसतो."

"कोण, दोन्ना?"

एर्सिलियानं तिच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं आणि चुरचुरत निघून गेली.

७

त्या साली सणासाठी एर्सिलियानं मोठ्या पुरुषाच्या मापाचा कोट सांगितला होता. स्वतःच्या झग्याचं माप द्यायला यायचं मात्र तिनं टाळलं. दोनदा निरोप पाठवूनही आली नाही. शेवटी नुन्झिया कोटाचं गाठोडं घेऊन मठात गेली.

भर दुपार होती. गाव जेवून, खिडक्या लावून झोपलेलं. या वेळेला भुतं फिरतात असं सांगून तिकडच्या आया पोरांना निजवतात. फ्रा बियाजो दाराशी चेस्टनट सोलत बसला होता.

"खाली आहे तुझी दोन्ना. सकाळपासून. आणि एकटी नाही बरं."

"कोण आहे?"

"असेल कुणी नातेवाईक. मघाशी डोकावलो तर पाठ दिसली. उंच आहे गडी."

"तुमच्यासमोरून आत गेला?"

"माझ्यासमोरून? नाही बुवा." म्हाताऱ्यानं चेस्टनट तोंडात टाकला. "पण मेलं दुसरं दार कुठाय इथं?"

नुन्झियानं परत फिरायला हवं होतं. पण पाय खाली उतरत गेले, कारण ते वर्षानुवर्षं त्या पायऱ्या उतरत आले होते. शेवटच्या वळणाला लोखंडी जाळीचं दार होतं, अर्धं उघडं. त्यातून कोरादोच्या कोनाड्यासमोरची खुर्ची पाठीकडून दिसायची.

खुर्चीवर एर्सिलिया बसलेली होती. पाठीच्या वर डोक्याचा शेंडा तेवढा दिसत होता, आणि खाली बूट. बूट जमिनीला टेकलेले नव्हते.

"पुरे रे," असं काहीसं ती म्हणाली. किंवा नुन्झियाला वाटलं. आवाज इतका बारीक होता की पाणी ठिपकल्याचाही असू शकेल.

मग कोनाड्याच्या भिंतीआडून एक हात पुढं आला. लांब, गोरा, गालावर लाली असते तशी बोटांच्या पेरांवर लाली. कोटाची काळी बाही मनगटाच्या वर राहिली होती. शिवण नुन्झियाचीच होती, ईस्टरची. हात एर्सिलियाच्या खांद्यावर आला. तिथं झगा ढिला पडून ओघळला होता. दोन बोटांनी त्यानं जास्तीचं कापड चिमटीत धरलं, किती आहे ते अजमावलं, आत दुमडलं. आणि दुसऱ्या हातानं, जो नुन्झियाला दिसला नाही, टाचणी लावली.

टाचणी तिरकी घातली होती. अंगाला टोचू नये म्हणून नुन्झिया घालते तशी.

पेटीपाशी इतकी वर्षं वाकून ती काम करत होती, त्या सगळ्या वेळात कुणीतरी तिचे हात बघत होतं.

तिनं गाठोडं पायरीवर ठेवलं. ठेवताना आवाज होऊ दिला नाही. आणि पाठमोरी न होता, एकेक पायरी मागं चढत, ती वर आली.

८

संध्याकाळच्या घंटेनंतर फ्रा बियाजो दार लावायला खाली गेला तेव्हा दोन्ना एर्सिलिया खुर्चीतच गेलेली होती. शेजारी मुलाची पेटी बंद होती आणि काचेवर तिनंच विणलेलं लेसचं आवरण नीट पसरलेलं होतं. ते उचलायचं कुणाच्या मनात आलं नाही. पायरीवर गाठोडं नव्हतं.

"तो नातेवाईक घेऊन गेला असेल," फ्रा बियाजो म्हणाला.

"गेलेला पाहिलात?"

"डुलकी लागली असेल गं मला."

सकाळी डॉक्टर त्रिगोनांना यावंच लागलं. प्रेत वर मठाच्या ओसरीत आणून ठेवलं होतं. फ्रा बियाजोनं एकट्यानं उचलून आणलं होतं, दम न लागता. डॉक्टरांनी हाताची कातडी दाबली, मांडीशी बोट लावून पाहिलं, आणि न उघडताच पिशवी बाजूला सारली.

"माझं इथं काही काम नाही."

"पिचकारी नको?" फ्रा बियाजोनं विचारलं.

"शीर सापडायची नाही. हे काम झालेलं आहे." ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "जुन्या पद्धतीचं. वर्षभर लागलं असेल."

नुन्झियाला बोलावणं गेलं होतं, कपडे नीट करायला. ती सुया घेऊन आली आणि बाकड्यापाशी गुडघ्यांवर बसली. झगा खांद्यात, कमरेत, बाह्यांत आत घेतलेला होता आणि त्या एवढ्याशा देहावर कुठं सुरकुती नव्हती. टाचण्या एका रांगेत, तिरक्या. तिनं सुईत दोरा ओवला. टाचण्यांच्या रेषेवरून शिवत गेली आणि एकेक काढून उशीत खोचत गेली. एकाही ठिकाणी तिला रेघ बदलावी लागली नाही.

डॉक्टर मागं उभे राहून बघत होते.

"छान बसलाय," ते म्हणाले. "आत कुणी घेतला?"

नुन्झियानं शेवटची गाठ मारली.

"मीच," ती म्हणाली, आणि दातानं दोरा तोडला.